जादा पाटा

बाबांनी पहिल्यांदा कॅरव्हॅन जोडली
तेव्हा आमची जुनी फोर्ड मागून उकिडवी बसली
आणि नाक वर करून
समोरच्या निलगिरीच्या शेंड्यावर दिवे मारू लागली.
झोपलेले गुलाबी काकाकुवे कलकलाट करत उठले,
मग गल्लीतली कुत्री.
आई खिडकीतून म्हणाली,
"कोर्रादो, रस्ता खाली आहे."

एकतीस वर्षं बाबांनी पोर्ट पिरीच्या भट्टीवर शिसं वितळवलं.
वजन म्हणजे काय, हे त्यांना शिकवायची कुणाची टाप नव्हती.
तरी न्हाणीघरातला काटा अंगणात आणला,
त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर कॅरव्हॅनचं तोंड.
सुई गर्रकन फिरली, एकशे अठरावर थरथरली.
"चला," आई म्हणाली, "माझ्याहून जड
कुणीतरी आलं या घरात."

तो अख्खा रविवार मी गाडीखाली टॉर्च धरून पडले होते.
यू-बोल्ट रात्रभर तेलात भिजूनही
दिवाळसणाला रुसलेल्या जावयासारखे हलेनात.
एक शेवटी कापावा लागला.
पाट्यांचा जुडगा खाली आला:
चार भाऊ, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
वाकून वाकून जवळपास सरळ झालेले.
भंगारवाल्या स्टेलिओसकडून आणलेला पाचवा
बाबांनी त्यांच्यात सरकवला.
"हा रोज राबत नाही," ग्रीसचा हात पँटला पुसत म्हणाले,
"चौघं दमले की मगच पुढे होतो."

गाडी उभी राहिली. दिवे रस्त्यावर आले.
काकाकुवे झोपले.

मग ते दोघं पश्चिमेला गेले,
गव्हाची कापलेली शेतं, धान्याची कोठारं,
माणसांपेक्षा माश्या जास्त असलेली गावं,
साडेपाचशे किलोमीटर, थेट सेडुनाच्या किनाऱ्यापर्यंत.
तिसऱ्या दिवशी आईने कॅरव्हॅनच्या चाकांना विटा लावल्या.
भांडण नाही, काही नाही.
"चाळीस वर्षं भट्टीच्या चिमणीकडे बघत भांडी घासली," म्हणाली,
"आता समुद्राकडे बघत घासते. तू येत जा."

बाबांचे टोमॅटो इकडे, अंजिरं इकडे,
शनिवारचा बोच्चेचा डाव इकडे.
ते परत आले,
मागे काहीही न जोडता.

आणि तेव्हा कळलं, पाचवा पाटा रिकाम्या गाडीला सोसत नाही.
त्याला वाकायला ओझं लागतं, ओझं नसलं की तो नुसता ताठ.
रेल्वेच्या फाटकावर बाबांचे दात आपटले.
किंबापाशी चष्मा उडून पायांत पडला.
मी म्हटलं, काढून टाकू या तो.
म्हणाले, "एक बोल्ट आधीच कापलाय."
हे काही उत्तर नव्हतं.

आता दर दुसऱ्या शुक्रवारी ते डिकी भरतात:
टोमॅटोच्या सहा पेट्या, लिंबं, पाण्याचे कॅन,
आईचं लोखंडी शिलाई मशीन (ते एकदाच),
आणि टोमॅटोचा हंगाम नसला की
वाळूची दोन पोती.
आईचा मला फोन: "अगं, मी समुद्रकाठी राहते,
आणि हा माणूस मला वाळू आणून देतो!"
मागून बाबांचा आवाज,
"तुला नाही, नुन्झिया. पाट्याला."

पण परतीला ती डिकी तशीच सोडत नाही.
कालवं सोलणाऱ्या शेडमधून
शिंपल्यांची पोती मागून आणते, मोजून चार,
दोन डावीकडे, दोन उजवीकडे,
हाताने दाबून बघते गाडी कितपत बसली,
मग "जा" म्हणते.

आमच्या परसात आता अंजिराच्या बुंध्याशी
घोट्याएवढे शिंपले साचलेत.
रात्री बाबांची गाडी आत वळते, न आपटता,
दिवे थोडे खाली, नेमके त्यांच्यावर.